वैशाखापासून उलटी मोजणी

थंड देशांतलं परसबागेचं कोणतंही पुस्तक घ्या, ते एका तारखेपासून सुरू होतं: त्या गावात हिवाळ्यातलं शेवटचं दव गोठतं ती तारीख. तिथून सहा ते आठ आठवडे मागे मोजायचे, घरात उबेला टोमॅटो-मिरचीचं बी लावायचं आणि बाहेरची जमीन तापू लागली की रोपं बाहेर न्यायची. तिथल्या माळ्याला वसंत म्हणजे सुटका. चंद्रपूर-गडचिरोलीत वसंत म्हणजे पळस फुललेला असतो तेवढे दिवस. होळी झाली की ऊन चटके देऊ लागतं, एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत झळकतात. ४५ अंशांची तिथं बातमी होत नाही. ४७ झाले तर होते.

म्हणून इथल्या उन्हाळी बागेचीही उलटीच मोजणी करायची, फक्त ती वैशाखापासून. घरामागच्या ज्या तुकड्याला इकडच्या झाडीपट्टीत सांदवाडी म्हणतात, तिथं वैशाखात तीन गोष्टी आटतात: फुलातल्या परागाचा जीव, विहिरीतलं पाणी आणि घरातले मोकळे हात. यातली प्रत्येक कधी आटणार हे आधी ठरवून घेतलं की काय कधी पेरायचं हे जवळजवळ आपोआप ठरतं. बियाण्याची पाकिटं त्यानंतर आणावीत. बहुतेक जण आधी पाकिटं आणतात.

पहिली मोजणी टोमॅटोवरून, म्हणजे इकडच्या भेदरांवरून, समजून घ्यावी. टोमॅटोचं झाड उन्हानं लगेच मरत नाही, म्हणूनच माणूस फसतो. पानं हिरवी, फुलं पिवळी, सगळं ठीक दिसतं. पण दिवसा ३५ अंशांच्या वर तापमान जाऊ लागलं आणि रात्रीही ते २२-२४च्या खाली येईना, की परागकण निकामी होतात आणि फूल देठाच्या सांध्यातून गळून पडतं. आधी धरलेली फळंही पिकताना नीट लाल होत नाहीत. टोमॅटोला लाल करणारं लायकोपिन ३० अंशांच्या पुढे तयार व्हायचं मंदावतं, पिवळ्या रंगाचं कॅरोटीन मात्र बनत राहतं. एप्रिलात सांदवाडीतली फळं केशरीच राहतात त्याचं कारण हे. बियाण्याच्या दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नसतो.

आता हिशेब करा. वाफ्यात रोप तयार व्हायला चार आठवडे, लावणीनंतर पहिलं फळ हाती यायला दोन-सव्वादोन महिने. मार्चच्या मध्यानंतर नवं फळ धरणार नाही असं गृहीत धरलं, तर बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडायला हवं. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, गावोगावच्या मंडईच्या दिवसांत, वडशाच्या नाटक कंपन्या मोसमाच्या तयारीला लागतात तेव्हा. वसंतातल्या टोमॅटोची सुरुवात शरदात होते. फेब्रुवारीत हौसेनं बी पेरणारा मे महिन्यापर्यंत एका सुंदर झुडपाला पाणी घालत राहतो. वांगं आणि मिरची थोडी अधिक काटक आहेत, पण त्यांचाही हिवाळी वाफा याच सुमारास टाकलेला बरा. सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक यांची गोष्ट वेगळी नाही: फेब्रुवारी संपता संपता दिवस मोठा होतो, ऊन वाढतं आणि सांबार पानं सोडून तुऱ्यावर येतो. त्याला खत घालून काही उपयोग नसतो.

खरी उन्हाळी मंडळी निराळी. भेंडी, गवार, बरबटी (चवळी), ढेमसं, लवकी (दुधी), दोडका, कारलं, काकडी, कोहळं, आणि पालेभाज्यांत चवळाई आणि अंबाडी. यांना ऊब आवडते, आणि गंमत म्हणजे यांच्या बाबतीत चूक उशिरापेक्षा घाईनं होते. भेंडीचं बी थंड मातीत फुगतं, पण कोंब फुटण्याआधीच कुजतं. मातीचं तापमान १६-१७ अंशांच्या वर टिकल्याशिवाय वेलवर्गीय बियाही मनापासून उगवत नाहीत. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत जानेवारीच्या रात्री पारा १०च्या आसपास, कधी त्याहूनही खाली जातो. म्हणून संक्रांतीआधी पेरलेलं अर्धं बी वाया जातं. संक्रांत उलटली की सुरुवात करावी आणि महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरेपर्यंत सगळी पेरणी आटोपावी. एवढाच काय तो इथला वसंत, चार-पाच आठवड्यांचा.

या पेरणीचं पीक कधी हाती येतं तेही पाहू. चवळाई पंचवीस-तीस दिवसांत कापायला येते, भेंडी आणि बरबटी पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत, ढेमसं पन्नास-साठ दिवसांत, लवकी दोन महिन्यांत. म्हणजे जानेवारीअखेर पेरलं तर मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत घरात भाजी. अक्षय तृतीयेला बागेचा भर ओसरत असावा, सुरू होत नसावा. महाराष्ट्रात इतरत्र या सणाला आळी करून वेलांचं बी लावायची चाल आहे. पहिल्या पावसाला वेल तयार असावा हा तिच्यामागचा विचार. इथल्या उन्हात ती चाल पाळायची तर हौसेच्या एका-दोन आळ्यांपुरतीच.

आता पाणी. शेतीच्या पुस्तकांत पाच माणसांच्या कुटुंबाला दोन-अडीच गुंठ्यांची परसबाग सांगितलेली असते. आकडा वाईट नाही, पण तो मे महिन्यात तपासून पाहावा. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर पसरलं की एक लिटर होतं. एप्रिल-मेमध्ये या भागात भाजीचा वाफा दिवसाला साधारण सात-आठ मिलिमीटर पाणी हवेत सोडतो. अडीच गुंठे म्हणजे अडीचशे चौरस मीटर. रोज सतराशेहून जास्त लिटर, पंधरा लिटरच्या बादलीनं शंभरावर बादल्या. हातपंपावर रांग लावून शंभर बादल्या कोण आणणार?

म्हणून उलट्या बाजूनं मोजावं. पाच माणसांच्या घरात अंघोळ आणि भांडी मिळून शंभर लिटर पाणी सहज न्हाणीबाहेर जातं. सातनं भागलं तर चौदा चौरस मीटर. वैशाखात हिरवी ठेवता येईल एवढी ही जागा, साडेतीन मीटर लांब आणि चार मीटर रुंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच्या दुप्पट-तिप्पट लावायला हरकत नाही, कारण तेव्हा झाडं लहान असतात आणि ऊन सौम्य. पण मे महिन्यात जगवायचं काय ते या चौदा चौरस मीटरांतच बसलं पाहिजे. बाकीची भेंडी-बरबटी तोवर खाऊन, वाळवून संपलेली असावी. भांडी राखेनं घासली तर पाणी निर्धास्त वापरता येतं. साबणाचं पाणी मुळाशी सोडावं, कच्च्या खायच्या पानांवर नाही.

वाफ्यावर चार बोटं जाडीचं तणीस पसरलं तर पाण्याची बरीच बचत होते. झाडीपट्टीत धानाच्या तणसाला तोटा नाही. जनावरांच्या वैरणीतून दोन पेंढ्या काढल्या तरी भागतं. आणखी एक जुनी युक्ती मडक्याची. चीनमधल्या फान शंगची यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ती खरबुजासाठी सांगितली आहे: बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्यानं भरायचं, तोंडावर झाकण ठेवायचं आणि भोवती बी लावायचं. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. मुळं मडक्याला बिलगतात. पाच-सात लिटरचं मडकं तीन-चार दिवस पुरतं, आणि उन्हाळ्यात कुंभाराकडे माठ येतात तेव्हा त्यातले काठाला टवका गेलेले, विकायला न चालणारे कमी पैशांत मिळतात. रंग दिलेलं मडकं मात्र घेऊ नये, ते पाझरत नाही.

या दोन जिल्ह्यांत पाण्याचं हे गणित पिढ्यान् पिढ्या उत्तम जमवलेली बाग म्हणजे वैनगंगेतली डांगरवाडी. पूर ओसरला आणि वाळूचे पट्टे उघडे पडले की ढिवर कुटुंबं तिथं खड्डे घेतात, शेणखत भरतात आणि डांगर, टरबूज, काकडी लावतात. वर कोरडी, तापणारी वाळू. खाली हातभर खोलीवर नदीचा ओलावा. मूळ खाली पाण्याला पोचतं, फळ वर उबेत गोड होतं, आणि वरची सुकी वाळू आच्छादनाचं काम करते. खालचा ओलावा, वरचा कोरडेपणा आणि मुळाशी मूठभर खत या तीन गोष्टी कोणत्याही सांदवाडीत नेता येतात. नदीचं पाणी अवेळी चढलं तर मात्र वाडी एका रात्रीत जाते. वरच्या अंगाला धरण झालेल्या नदीत ही धास्ती कायमची.

तिसरी मोजणी हातांची. ती पेरणीच्या तक्त्यांत सहसा नसते, आणि माझ्या मते या दोन जिल्ह्यांत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. धानाची मळणी आटोपली की मूल, सावली, चामोर्शी अशा तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. जानेवारी ते मार्च घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. मार्चच्या मध्यापासून मोहफुलं गळू लागतात. पहाटे अंधारात टोपली घेऊन झाडाखाली जावं लागतं, नाहीतर फुलं जनावरं खातात. ती वेचणी संपते न संपते तोच एप्रिलअखेरीपासून तेंदूपत्ता. पहाटे जंगलात, दुपारी घरी पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देणं. वर्षाच्या रोख कमाईचा मोठा वाटा त्या तीन-चार आठवड्यांत असतो. त्या दिवसांत भेंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी घाला असा सल्ला देणाऱ्याला गावात कुणी उत्तर देणार नाही, नुसतं पाहील.

तेव्हा बाग अशी आखावी की तेंदूच्या दिवसांत ती जवळजवळ माणसाविना चालावी. मडक्यावरचे दोन वेल, न्हाणीच्या पाण्यावरचा कोचईचा (अळूचा) ओटा, कडेचा मुंगना (शेवगा) आणि सावलीतली चवळाई. एवढंच. मुंगन्याचं झाड एकदा रुजलं की उन्हाळ्यात त्याला पाणी मागायची सवय राहत नाही आणि शेंगांबरोबर पानांचीही भाजी मिळते. रोज तोडणी लागणारी भेंडी त्याआधीच संपवावी; ती दोन दिवस राहिली तरी जून होते. ज्या घरी बागेचा भार एका आजीवर आहे तिथं तर लांब वाफे घालूच नयेत. तिला बसल्या जागी हात पोचेल एवढा, मीटरभर रुंदीचा वाफा पुरे.

प्रत्यक्ष पेरणीकडे आता येऊ. धान पिकवणाऱ्या माणसाला रोपवाटिका शिकवायची गरज नसते; तो दरवर्षी पऱ्हे टाकतो आणि रोवणी करतो. भाजीचे नियम मात्र थोडे उलटे आहेत. पऱ्ह्याला पाणी साचलेलं चालतं, भाजीच्या रोपाला तेच मारतं. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच, गादीसारखा करायचा, कुजलेलं शेणखत चाळून मिसळायचं, बोटानं चार बोटांच्या अंतरावर ओळी ओढायच्या आणि बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल ठेवायचं. टोमॅटो-वांग्याचं बी फार तर सेंटिमीटरभर, त्याहून खोल नको. वर बारीक खताचा थर, मग तणीस आणि झारीनं पाणी.

त्यानंतरचे पाच-सहा दिवस रोज संध्याकाळी तणसाची एक काडी उचलून खाली पाहावं. आधी काहीच दिसत नाही. मग एखाद्या संध्याकाळी मातीला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि त्यांतून पांढऱ्या देठांचे आकडे वर आलेले, डोकी अजून मातीत. त्याच संध्याकाळी तणीस काढायचं. आणखी दोन दिवस झाकून ठेवलं तर रोपं उजेडाच्या शोधात उंच, पिवळी, लुळी होतात आणि पुढे कधीच भरत नाहीत. सकाळी काढलं तर दिवसाचं ऊन त्यांना एकदम लागतं. एवढ्याशा गोष्टीवर रोपांचं पुढचं सगळं अवलंबून असतं.

यानंतरचं संकट म्हणजे रोपं कोलमडणं. काल ताठ असलेलं रोप आज आडवं. जवळून पाहिलं तर मातीलगतचा देठ दोऱ्याएवढा बारीक आणि पाणचट झालेला. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींचं हे काम, आणि त्यांना आमंत्रण देतात दाट पेरणी आणि संध्याकाळचं जास्तीचं पाणी. एक रोप पडलं की आसपासची पडतात. बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी किलोला चार-पाच ग्रॅम या मापानं चोळतात. घरच्या दोन चिमटी बियाण्याला तिची चिमूट पुरते. कृषी विज्ञान केंद्राकडे ती मागून पाहावी. चंद्रपूरचं केंद्र सिंदेवाहीला आहे, गडचिरोलीचं सोनापूरला. पण या रोगावर सर्वांत स्वस्त इलाज इथलं ऊनच आहे. एप्रिल-मेमध्ये पुढच्या वाफ्याची जागा ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून चार-सहा आठवडे कडा मातीत दाबून ठेवल्या, तर वरच्या थरातल्या बुरशी आणि तणाचं बी भाजून निघतं. थंड देशांतल्या माळ्याला यासाठी उन्हाची वाट पाहावी लागते.

वेलांचं आणि शेंगभाज्यांचं बी रोपवाटिकेत टाकू नये. त्यांना मूळ हलवलेलं सोसत नाही. ते सरळ आळ्यात लावावं. जागा अजून रिकामी नसेल आणि आठ-पंधरा दिवस पुढे राहायचं असेल तर पळसाच्या पानांचे द्रोण आहेतच. द्रोणात माती-खत भरून दोन बिया लावाव्यात, दोन पानांवर रोप आलं की द्रोणासकट जमिनीत ठेवावं. पान कुजून जातं, मुळाला कळतही नाही. कारल्याचं बी कडक कवचाचं, ते दिवसभर पाण्यात भिजवावं. लवकी आणि भेंडीला एक रात्र पुरते. सांबाराचा दाणा मात्र हातानं रगडून दोन फाकी करायचा, कारण त्या एका दाण्यात दोन बिया असतात. आणि पाकीट जुनं असेल तर पेरण्याआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवाव्यात. आठवड्यात चौदाच्या वर उगवल्या तर पेरावं, दहाच उगवल्या तर दुप्पट दाट पेरावं, पाच उगवल्या तर कोंबड्यांना घालावं. विषारी औषध लावलेलं रंगीत बी असेल तर कोंबड्यांनाही नाही.

जमिनीविषयी थोडक्यात. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, वरोरा-राजुऱ्याकडे, काळी कन्हार. ती ओली झाली की चिकटते आणि सुकली की हातभर फाटते, तिच्यात वाफा उंचच हवा. धानपट्ट्यात मोरंड आणि सिहार, त्या भाजीला बऱ्या. बरडी ही मुरमाड, तिच्यात पाणी थांबत नाही. पण बरडीतही बाग होते हे याच जिल्ह्यानं पाहिलं आहे. १९५१मध्ये बाबा आणि साधनाताई आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन सुरू केलं. कुष्ठरोगी माणसांनी हातांनी विहीर खोदली, काही वर्षांत तिथं भाजीपाला गरजेहून जास्त पिकू लागला. तो वरोऱ्याच्या बाजारात नेला तर कुणी घेईना. रोगाची भीती भाजीलाही चिकटली होती. पुढे परदेशी स्वयंसेवक तिथं राहिले, तिथलं अन्न जेवले, आणि गावाची भीड हळूहळू मोडली. मातीचा प्रश्न आनंदवनानं त्याआधीच सोडवला होता.

मांडणीत सर्वांत मोठा शत्रू दुपारचं पश्चिमेचं ऊन. म्हणून वेलांचा मांडव वाफ्यांच्या पश्चिमेला घालावा. बांबूच्या चार खांबांवर आडव्या कमट्या बांधल्या की झालं. लवकीचा वेल दीड महिन्यात भिंत होतो आणि त्याच्या सावलीत चवळाई, मिरची टिकतात. कवेलूच्या छपरावर लवकी, कोहळं चढवायची जुनी रीत यासाठीही शहाणपणाची होती: जमीन मोकळी राहते, खालचं घर थंड राहतं. वानरं कवेलू फोडतात तिथं ती रीत मागे पडली, आणि आता सिमेंटचे पत्रे आल्यावर वेलाचे शेंडेच होरपळतात. पत्र्यावर चढवायचं असेल तर मध्ये तुराट्यांचा किंवा तणसाचा थर हवा. रानडुकरं कोचई उकरतात, चितळं बरबटी खुडतात. काटेरी कुंपण जमिनीलगत दाट असावं, वर विरळ असलं तरी चालेल. जंगलाला अगदी लागून घर असेल तर घरामागं दाट, उंच झाडोरा मात्र वाढू देऊ नये. वाघाच्या गावात मागची बाजू मोकळी दिसायला हवी.

मांडवावर फुलं भरली तरी फळं धरत नाहीत, ही तक्रार दर उन्हाळ्यात ऐकू येते. दोन कारणं. मोठा दिवस आणि उष्णता यांमुळे वेलावर नरफुलांचं प्रमाण वाढतं. मादीफूल ओळखायचं ते त्याच्या मागच्या इवल्याशा फळावरून. दुसरं म्हणजे लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याचा पाहुणा रात्रीचा पतंग असतो, दोडकाही संध्याकाळचाच. तो पतंग आला नाही तर फळ बोटभर होऊन पिवळं पडतं. मग दिवेलागणीला आपणच एक नरफूल खुडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि परागाचा भाग मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. एका नरफुलात दोन-तीन मादीफुलं उरकतात. कोहळ्याचं फूल सकाळचं, ते पहाटेच गाठावं लागतं, मोहाला जाता जाता.

उरलं बियाणं. संकरित बियाण्याच्या फळातून घेतलेलं बी पुढच्या वर्षी आईबापांसारखं येत नाही, ते दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. सुधारित आणि गावरान वाणांचं मात्र घरी ठेवता येतं. भेंडीत परभणी क्रांतीसारखं वाण घ्यावं. पानांच्या शिरा पिवळ्या करणारा केवडा रोग उन्हाळ्यात पांढऱ्या माशीबरोबर येतो आणि त्यापुढे जुनी पुसा सावनी टिकत नाही.

बी राखताना सर्वत्र एकच घोटाळा होतो: चांगली फळं खाल्ली जातात आणि मोसमाच्या शेवटी वेलावर उरलेलं वेडंवाकडं फळ बियाण्याला राहतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच एका माणसानं उलट केलं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, जमीन दीड एकर. १९८३मध्ये पटेल-३ या धानाच्या शेतात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी जपून ठेवलं, पुढच्या वर्षी शेतात निराळं पेरलं, रानडुकरांपासून काट्यांनी राखलं आणि दर हंगामात निवडत गेले. त्यातून बारीक तांदळाचं जे वाण आलं त्याला त्या काळी गाजलेल्या घड्याळाचं एचएमटी हे नाव पडलं आणि ते देशभर गेलं. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना पदवी; लोंबी कापायच्या आधी ते शेत पाहायचे. भाजीत तेच करायचं. मांडवावरचं दुसरं किंवा तिसरं चांगलं फळ, निरोगी वेलावरचं, त्याला चिंधी बांधून ठेवायची आणि घरात सर्वांना सांगून ठेवायचं.

दोडक्याचं बी काढण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. फळ वेलावरच तपकिरी आणि हलकं होऊ द्यावं. हातात घेऊन हलवलं की आत खुळखुळतं. टोकाची टोपी बोटानं उपटली की तिथं एक भोक उघडतं आणि उलटं केलं की काळ्या बिया आपसूक खाली पडतात. मागे जाळी उरते ती अंग घासायला. लवकीचं सुकलेलं फळ तर न फोडताच आढ्याला टांगून ठेवता येतं, बी आपल्याच डब्यात. चुलीच्या धुरानं त्याला भुंगा लागत नाही.

फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं आणि बी पुढच्या माघापर्यंत टिकवायचं असतं, म्हणजे मधला वैशाख आणि सगळा पावसाळा. हॅरिंग्टन या अमेरिकी बियाणेतज्ज्ञाचा आडाखा लक्षात ठेवावा: साठवणीची जागा पाच अंशांनी थंड असली किंवा बियांतली ओल एका टक्क्यानं कमी झाली, तर बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. उलटंही तितकंच खरं. पत्र्याच्या छपराखाली फळीवर ठेवलेली पाकिटं मे महिन्यातच म्हातारी होतात. बी सावलीत कडकडीत वाळवून, कोरड्या राखेत मिसळून, मडक्यात भरून घराच्या सर्वांत गार कोपऱ्यात जमिनीलगत ठेवावं आणि पावसाळ्यात झाकण उघडू नये. वेलांचं बी असं चार वर्षंही चालतं, भेंडी-बरबटी दोन-तीन. कांद्याच्या बियाण्याचा भरवसा एका वर्षापलीकडे धरू नये.

भामरागडकडच्या माडिया गावांत बीज पंडुम होईपर्यंत नवी पेरणी करत नाहीत. हा बियाण्याचा सण उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर येतो. सांदवाडीलाही त्या दिवसांत एक काम असतं. मेच्या मध्याला, तेंदूची फळी बंद व्हायच्या सुमारास, लवकीच्या मांडवाखालच्या सावलीत पावसाळी मिरची आणि वांग्याचा छोटा वाफा टाकावा. रोज तांब्या-दोन तांबे पाणी त्याला पुरतं. मृग लागला तरी पहिल्या सरीला भुलून रोपं हलवू नयेत, त्यानंतर पुन्हा आठ दिवस ऊन पडतं. जमीन वीतभर ओली झाली आणि धानाचे पऱ्हे हिरवे दिसू लागले की मगच लावणी, आणि तीही ढगाळ संध्याकाळी.